‘कच्ची’ या एका शब्दात गेलेलं वर्ष

मी कोल्हापुरातल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे बीजं आणि गर्भ लॅबमध्ये हाताळणारी तज्ज्ञ, आहे. पिकअपनंतर, म्हणजे अंडाशयातून स्त्रीबीजं बाहेर काढल्यावर, ती ज्या खोलीत येतात, तिथं माझा दिवस जातो. खालचं प्रकरण त्या खोलीतलंच आहे. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

पार्श्वभूमी

ताई २८ वर्षांच्या, मिस्टर ३३. (केंद्रात आम्ही सगळ्याच बायकांना ताई म्हणतो, इथंही तेच ठेवते.) पंचगंगेकाठचं गाव, चार एकर ऊस, घरचं गुऱ्हाळ. लग्नाला सहा वर्षं झालेली. पाळी नियमित, सोनोग्राफी स्वच्छ, नळ्या मोकळ्या, एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं संप्रेरक) वयाला साजेसं, मिस्टरांचा रिपोर्टही उत्तम. अशा जोडप्याच्या फाईलवर आम्ही ‘कारण सापडत नाही’ असं लिहितो. घरात मात्र कारण सापडलेलं असतं: सून.

पहिलं आयव्हीएफ (बीजाचं शरीराबाहेर फलन) त्यांनी दुसरीकडे केलं होतं. अकरा बीजं निघाली, वापरता एकही आलं नाही. डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ होती, ‘सर्व बीजं कच्ची, ट्रिगर चुकल्याची शक्यता.’

ट्रिगर म्हणजे पिकअपच्या ३४ ते ३६ तास आधी द्यायची एचसीजी या संप्रेरकाची सुई. एरवी दर महिन्याला शरीरात एलएच या संप्रेरकाची लाट येते आणि बीज पिकायला लागतं. तेच काम ही सुई करते. ती नेमक्या वेळेला द्यावी लागते आणि तोवर गारव्यात ठेवावी लागते. आता त्या आठवड्याचं चित्र बघा. पाऊस थांबायचं नाव नाही, नदी पात्राबाहेर, गावात दिवसभर वीज नाही. मिस्टरांनी दूध संकलन केंद्रावरून बर्फ आणला, डब्यात सुई ठेवली, आणि रात्री साडेदहाला गावातल्या नर्सबाईंनी ती दिली. पुढं बीजं कच्ची निघाली म्हटल्यावर सगळ्यांची बोटं त्या डब्याकडं वळली. सासूबाई म्हणाल्या, “बर्फाचं पाणी झालं असणार. एवढं लक्ष ठेवायला नको?” ताईंनी वर्षभर तो दोष डोक्यावर घेतला.

अडचण

आमच्याकडे आल्या तेव्हा पहिल्याच भेटीत ताई म्हणाल्या, “मॅडम, सुई बरोबरच दिली होती ओ.” आम्ही मान डोलावली. खरं सांगायचं तर विश्वास ठेवला नव्हता. डॉक्टरांनी ठरवलं की या वेळी ट्रिगर केंद्रातच द्यायचा, आपल्या नर्सच्या हातून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तात एचसीजी तपासायचं. तसंच केलं. रक्तातली पातळी भरपूर आली. सुई पोहोचली होती यात शंका उरली नाही.

तेरा बीजं मिळाली. दोन तासांनी मी त्यांच्याभोवतीच्या पेशी काढल्या (लॅबच्या भाषेत डिन्यूड केलं) आणि एकेक बीज फिरवून बघितलं. पिकलेल्या बीजाच्या कडेला एक बारकासा गोळा दिसतो, त्याला पोलर बॉडी म्हणतात. तो असला की बीज एम-टू, म्हणजे शुक्राणू आत सोडायला तयार. तेरापैकी एकालाही तो गोळा नव्हता.

मी फाईलवर लिहिलं: १३, सर्व कच्ची.

वर्षभर आधी दुसऱ्या कुणी केलेली चूक मी त्याच अक्षरांत पुन्हा केली होती, आणि ते मला कळायला आणखी चार महिने लागले.

‘कच्ची’ म्हणजे नेमकी कुठं अडकलेली?

इथं जरा थांबून बीजाच्या आत काय चालतं ते सांगायला हवं, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरच अवलंबून होता.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजं अर्धसूत्री विभाजन सुरू करतात आणि मध्येच थांबतात. ती वर्षानुवर्षं तशीच राहतात. या अवस्थेत बीजाच्या आत मोठं गोल केंद्रक स्पष्ट दिसतं. त्याला आम्ही जीव्ही म्हणतो. बीज थांबलेलं राहतं कारण ब्रेक बाहेरून दाबलेला असतो. भोवतालच्या पेशी बारीक जोडमार्गांतून सीजीएमपी नावाचा रेणू आत पाठवत राहतात. त्यामुळे बीजातलं सीएएमपी (असाच दुसरा रेणू) चढं राहतं आणि विभाजन सुरू करणारं सीडीके-१ हे प्रथिन फॉस्फेटच्या कुलपात बंद राहतं. एलएचची लाट आली की सीजीएमपीचा पुरवठा आटतो, सीएएमपी उतरतं, सीडीसी-२५ हे प्रथिन कुलूप काढतं, सायक्लिन-बी या प्रथिनाच्या जोडीने सीडीके-१ जागं होतं आणि केंद्रकाचं आवरण विरघळतं. ही पहिली पायरी.

दुसरी पायरी अवघड. गुणसूत्रांच्या जोड्या दोन बाजूंना ओढण्यासाठी तर्कू उभारावा लागतो. तर्कू म्हणजे ट्युब्युलिन प्रथिनाच्या नळ्यांची चाती. शरीरातल्या बाकीच्या पेशींत ती बांधायला दोन टोकांना सेंट्रिओल असतात. बीजात ते नसतात. प्रथिनांनी मधूनच, गुणसूत्रांच्या आसपास नळ्या जमवत चाती उभी करायची. माणसाच्या बीजाला या कामाला साधारण १६ तास लागतात. त्या काळात एमएडी-२सारखी पहारेकरी प्रथिनं सीडीसी-२० ला, म्हणजे जोड्या सोडवायचं काम सुरू करणाऱ्या प्रथिनाला, धरून ठेवतात. गुणसूत्रं नळ्यांना नीट जोडली गेली की पहारा उठतो, सेपरेजला अडवून ठेवणारं सिक्युरिन नष्ट होतं, कात्रीचं काम करणारं सेपरेज मोकळं होतं आणि गुणसूत्रांच्या बाह्यांवरची आरईसी-८ ही बांधणी कापतं. सेंट्रोमिअरजवळची (गुणसूत्राच्या कमरेजवळची) बांधणी मात्र कापायची नसते, ती पुढच्या विभाजनाला लागणार असते. तिथं शुगोशिन हे प्रथिन राखण करतं. मग जोड्या सुटतात आणि एक हिस्सा पोलर बॉडीत टाकून दिला जातो.

तिसरी पायरी म्हणजे लगेच दुसरा तर्कू बांधायचा आणि ईएमआय-२ या प्रथिनाच्या लगामात शुक्राणूची वाट बघत उभं राहायचं. हेच एम-टू.

म्हणजे पोलर बॉडी नसलेलं बीज दोन ठिकाणी अडकलेलं असू शकतं. केंद्रक शाबूत असेल तर ते जीव्हीला अडकलं: संदेश पोहोचला नाही किंवा पोहोचून ऐकला गेला नाही. केंद्रक विरघळलंय पण पोलर बॉडी नाही, तर ते एम-वन. तिथं संदेश पोहोचलाय, बीज कामालाही लागलंय, पुढं कुठंतरी यंत्र अडलंय. पिकअपच्या सकाळी एखाददुसरं एम-वन सापडणं रोजचंच. सगळीच्या सगळी सापडणं नाही. दोन्हीला ‘कच्चं’ म्हटलं की हा फरकच पुसला जातो.

पुढच्या बैठकीत फाईल उघडली तेव्हा मला त्या तेरा बीजांची आठवण काढावी लागली. केंद्रक दिसल्याचं आठवत नव्हतं. मी तसं म्हणाले. डॉक्टर म्हणाले, “आठवत नाही की नव्हतं?” मला उत्तर देता आलं नाही.

समोरचे पर्याय

त्या बैठकीत चार गोष्टी टेबलावर होत्या.

ट्रिगर बदलून बघायचा, एचसीजीबरोबर दुसरं इंजेक्शन जोडून शरीराचं स्वतःचं एलएचही उसळवायचं आणि पिकअपला दोन तास जास्त थांबायचं. हा सोपा मार्ग होता आणि खर्चही ओळखीचा होता.

बीजं डिशमध्ये जास्त वेळ ठेवून पिकतात का बघायचं. याला जुना आधार आहे. १९३५ साली पिंकस आणि एन्झमन यांनी सशाची बीजं कूपातून (अंडाशयातल्या बीजाच्या पिशवीतून) बाहेर काढली तर ती आपली आपण विभाजन पुन्हा सुरू करतात हे दाखवलं. १९६५ साली एडवर्ड्सनी माणसाच्या बीजांचंही तेच दाखवलं. ब्रेक बाहेरचा असतो, बीज सुटं केलं की तो सुटतो. यातलं दुसरं टोक त्या दिवशी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही: डिशमध्येही बीज हलत नसेल तर अडचण ब्रेकची नाही, आतल्या यंत्राची आहे.

जनुकीय तपासणी करायची. २०१६ साली शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या संशोधकांनी ज्यांची बीजं पहिल्याच विभाजनात अडकतात अशा २४ कुटुंबांचा अभ्यास केला आणि ७ कुटुंबांत टीयूबीबी-८ या जनुकात दोष सापडल्याचं जाहीर केलं. त्यानंतर यादी वाढत गेली. पीएटीएल-२ बिघडलं तर बीजं बहुतेक जीव्हीलाच थांबतात. टीआरआयपी-१३ किंवा सीडीसी-२० बिघडलं तर एम-वनला. डब्ल्यूईई-२ बिघडलं तर बीज पिकलेलं दिसतं, पण फलनच होत नाही.

आणि चौथा पर्याय, दात्या स्त्रीचं बीज. हा शब्द निघाल्यावर सासूबाई पटकन म्हणाल्या, “मग हिची भन हाय की. बावीस वर्षांची हाय, घरचंच राहील.” ताई खाली बघत बसल्या. डॉक्टरांनी कायदा सांगितला. २०२१च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार बीज नोंदणीकृत एआरटी बँकेमार्फतच येतं, दात्रीचं वय २३ ते ३५ असावं लागतं, ती आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते आणि सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. बहिणीचा विषय तिथं कायद्याने मिटला. तो शास्त्रानेही मिटणार होता, ते तेव्हा माहीत नव्हतं.

आम्ही निवडला तो पहिला पर्याय, त्याला जोडून दुसरा. जनुकीय तपासणी ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवली. तिचा खर्च वेगळा होता, रिपोर्टला सहा आठवडे लागणार होते, आणि रिपोर्टमध्ये दोष निघाला तरी त्यावर औषध नाही, असं आमचं म्हणणं. कुटुंबाने सोसायटीतून उचल घेतली.

काय केलं

तिसऱ्या वेळी मी माझ्यापुरता एक नियम केला. प्रत्येक बीजाला क्रमांक, प्रत्येक वेळेला फोटो, आणि ‘कच्चं’ हा शब्द बंद.

नऊ बीजं मिळाली. पेशी काढल्यावर पहिली नोंद: आठ एम-वन, एक जीव्ही. ट्रिगर तर दुहेरी होता. आठ बीजांची केंद्रकं विरघळली होती, म्हणजे आठांपर्यंत संदेश पोहोचला होता. सहा तासांनी, बदल नाही. रात्री साडेनऊला लॅबमध्ये पुन्हा आले, बदल नाही.

नववं बीज, ते एकटं जीव्ही, मी मुद्दाम वेगळ्या थेंबात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला इन्क्युबेटर उघडला तेव्हा त्याचं केंद्रक गेलेलं होतं. कुणी सुई दिली नाही, काही नाही. भोवतालच्या पेशी निघाल्या आणि ते आपलं आपण निघालं, सशाच्या बीजासारखं. मला मनापासून आनंद झाला. तीस तासांना बघितलं, पोलर बॉडी नाही. छत्तीस तासांना नाही. अठ्ठेचाळीस तासांना बाकीच्या आठांच्या रांगेत तेही तसंच उभं होतं, गुळगुळीत, गोल, निरोगी दिसणारं.

त्या एका बीजाने मला जे सांगितलं ते आधीच्या चोवीस बीजांनीही सांगितलं असणार. ते स्वतः निघालं, वाटेत कुणी अडवलं नाही, आणि तरी त्याच ठिकाणी थांबलं. बर्फाच्या डब्याचा, नर्सबाईंच्या हाताचा, ट्रिगरच्या वेळेचा याच्याशी काही संबंध नव्हता. मी ते फोटो ताईंना दाखवले आणि सांगितलं, “सुई बरोबरच दिली होती.” त्यांनी मिस्टरांकडे बघितलं. मिस्टर म्हणाले, “हे आईला सांगाल का, मॅडम? आमचं ऐकणार न्हाई ती.”

सासूबाईंना सांगितलं. त्यांना एम-वन कळायची गरज नव्हती. गुळाचं उदाहरण त्यांनीच काढलं: “म्हंजे चुलाण पेटलं, काहील तापली, पण पाक काय धरंना.” मी मान हलवली. यापेक्षा बरं मलाही सांगता आलं नसतं.

मग रक्त एक्झोम तपासणीला पाठवलं, म्हणजे प्रथिनं बनवणारी सगळी जनुकं एकदम वाचणाऱ्या तपासणीला.

इथं आम्ही आणखी एका गोष्टीत चुकलो. ताईंचे आईवडील आते-मामे भावंडं. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे अजून आहे, आणि रक्ताच्या नात्यात लग्न म्हटलं की अप्रभावी दोषाची शंका येते: एकच बिघडलेलं जनुक आईकडूनही आलं आणि वडिलांकडूनही. त्यामुळे आमची नजर टीआरआयपी-१३ किंवा सीडीसी-२० वर. मी तर फाईलच्या कडेला पेन्सिलीने ‘टीआरआयपी-१३?’ असं लिहूनही ठेवलं होतं.

रिपोर्ट आला तो टीयूबीबी-८चा.

हे जनुक दहाव्या गुणसूत्रावर असतं आणि ट्युब्युलिनचा एक खास प्रकार बनवतं. तो माणसाच्या बीजात वापरला जातो, तर्कूच्या नळ्या मोठ्या प्रमाणावर त्याच्याच. हे जनुक फक्त माणूस आणि माकडांच्या गटात आहे, उंदरात नाही. त्यामुळे उंदराची बीजं तपासत बसणाऱ्यांच्या हाती ते लागणारच नव्हतं. आणि इथं एकच बिघडलेली प्रत पुरते. बिघडलेलं ट्युब्युलिन चांगल्यात मिसळतं आणि सगळ्या नळ्यांची बांधणी नासवतं.

एक अडचण होती. या जनुकासारखे दिसणारे, पण काम न करणारे तुकडे जनुकसंचात इतरत्र आहेत, आणि वाचनयंत्र त्यांच्यात गल्लत करू शकतं. म्हणून तोच बदल सँगर पद्धतीने (जनुकाचा नेमका तेवढाच तुकडा वाचणाऱ्या जुन्या पद्धतीने) पुन्हा तपासला, या वेळी आईवडिलांच्या रक्तासह. आईत नव्हता. वडिलांत होता.

वडील शेतकरी, साठीचे. समुपदेशनाला टोपी हातात घेऊन बसले होते. त्यांना सांगितलं की या जनुकाचं काम बीजात असतं, पुरुषाला बीजं नसतात, त्यामुळे तुम्हाला काही झालं नाही आणि कधी कळणंही शक्य नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग धाकटीचं काय?” निम्मी शक्यता. दोन्ही मुली आणि मुलगा, तिघांनाही ती लागू. मुलाला स्वतःला त्रास नाही, पण त्याच्या मुलीला असू शकतो. ज्या बहिणीचं बीज घ्यायचं म्हणत होते, तिच्यातही हाच दोष असायची शक्यता छापा-काट्याइतकी होती.

निकाल

या दोषावर दवाखान्यात देता येईल असा उपाय आज नाही. ते स्पष्ट सांगितलं. चौथ्यांदा स्वतःच्या बीजांचा प्रयत्न करू नका, हेही सांगितलं. जोडपं गेलं ते हंगाम संपल्यावरच परत आलं. मधले महिने गुऱ्हाळ चालू होतं, आणि मला वाटतं तो वेळ त्यांना हवाही होता.

बँकेमार्फत दात्रीची सात बीजं मिळाली. सहा एम-टू, पाच फलित, दोन गर्भ पाचव्या दिवसापर्यंत पोहोचले. पहिला रुजला नाही. दुसरा रुजला, हे लिहिताना ताईंना बाविसावा आठवडा आहे. धाकट्या बहिणीला तपासणीबद्दल सांगण्याचा निर्णय ताईंनी स्वतः घेतला. बहिणीने तपासणी केली की नाही, केली तर काय निघालं, ते इथं लिहिणार नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या केंद्राकडून आम्ही फक्त डिस्चार्ज कार्ड घेतलं होतं. लॅबची मूळ नोंद मागितली नाही. तिसऱ्या वेळेनंतर, उशिरा, मी ती मागवली. झेरॉक्सच्या कोपऱ्यात तिथल्या कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, ‘एम-वन × ११’. माझ्यासारख्याच कुणीतरी नीट बघितलं होतं; ते कार्डापर्यंत येता येता ‘कच्ची’ झालं. तो कागद पहिल्या दिवशी हातात असता तर दुसऱ्या वेळीच जनुकीय तपासणी झाली असती, आणि तिसरी वेळ, तिची इंजेक्शनं, ती उचल, हे सगळं टळलं असतं. ‘दोष निघाला तरी औषध नाही’ हे आमचं तेव्हाचं म्हणणंही आता मला पटत नाही. औषध नसलं तरी थांबायचं कुठं हे त्या रिपोर्टनेच सांगितलं.

मोठ्या लॅबमध्ये ध्रुवित प्रकाशात जिवंत बीजातला तर्कू बघता येतो. आमच्याकडे ती सोय नव्हती. असती तर तर्कू नसल्याचं किंवा विस्कटल्याचं दिसलं असतं आणि माझी पेन्सिल टीआरआयपी-१३ कडं वळली नसती, कारण तिथं तर्कू बांधला जातो, सुटत नाही फक्त पहारा. तिसरा प्रयत्न निदान अशा सोयीच्या ठिकाणी करायला आम्ही सुचवायला हवं होतं.

आणि वंशावळ. ती मी घेतली होती, पण सासूबाई शेजारी बसलेल्या असताना, आणि जास्त करून आईच्या बाजूची. “माहेरी कुणाला मूलबाळ नाही असं?” या प्रश्नाला ताई “नाही” म्हणाल्या होत्या. वडिलांचा रिपोर्ट आल्यावर एकट्या असताना त्यांनी सांगितलं की एक आत्या आहे, निपाणीला दिलेली. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली. ती माहेरच्या कार्यांना येत नाही, तिचं नाव घरात निघत नाही. सासूसमोर ते कसं सांगणार?

आत्यांची तपासणी झालेली नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल खात्रीने काही म्हणता येणार नाही. पण एका दुपारी ताई त्यांना घेऊन आल्या. पंचावन्न-साठच्या, हिरवी इरकली साडी, हातात पिशवी. मी नवव्या बीजाचा फोटो स्क्रीनवर लावला आणि जेवढं सांगता येण्यासारखं होतं तेवढं सांगितलं. त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“म्हंजे ह्ये दादाच्यातबी हाय?”

“आहे.”

“आन् त्येला तीन पोरं.”

“हो.”

त्यांनी पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि ताईंना विचारलं की निपाणीची पाचची गाडी मिळेल का.